नापास काटे

उसाच्या ट्रॉल्या पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत. परवा न्हावऱ्यावरून पाटसकडं जाताना आमची एसटी अशाच एका ट्रॅक्टरमागं अर्धा तास सरपटत होती. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं लावलेली, दोन्ही ट्रॉल्यांच्या बाहेर ऊस लोंबणारा, आणि वळणावर एक मोळी सुटून डांबरावर विखुरलेली. खिडकीतून मळीचा वास आला. गोड, आंबूस, डोकं जड करणारा. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. लहानपणी मला हा वास फार आवडायचा. कारखान्याचं धुराडं पेटलं की स्वेटर निघायचे, रानात हुरड्याच्या आगट्या लागायच्या, आणि वडील, आमचे आबा, बाजारातून येताना ताजा गूळ आणायचे. चार वर्षांपूर्वीच्या एका हंगामानं त्या वासातली सगळी मजा काढून घेतली. आता मळीचा वास आला की मला एक लहान मूल आठवतं. कडेवर घेतल्यावर ते माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी हलकं निघालं होतं.

तेव्हा मी शिरूरजवळच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत तपासणी विभागात होते. आमची कंपनी लहान मुलांची वजनं करायचे टांगते काटे बनवायची. घड्याळासारखी गोल तबकडी, वर छताला अडकवायची कडी, खाली आकडा, आणि त्या आकड्याला लावायची निळ्या कापडाची झोळी. झोळीला पाय घालायला दोन भोकं. मूल त्यात बसतं, रडतं, पाय झाडतं, मग क्षणभर दमून स्थिर होतं, आणि तेवढ्या क्षणात सुईचा आकडा वाचायचा. हे काटे आपल्याकडं फारसे राहत नसत. परदेशातली एक मोठी संस्था ते घ्यायची आणि जिथं युद्ध, दुष्काळ किंवा पूर असेल तिथल्या मुलांसाठी पाठवायची. औषधं, दुधाची पावडर, पाण्याच्या गोळ्या दुसरीकडून यायच्या. काटे आमचे. खोक्यांवर तीन भाषांत छापलेलं असायचं. त्यातली अरबी कुठून वाचायची हे आम्हा कुणालाच कळत नसे, त्यामुळं कधी कधी स्टिकर उलटा लागायचा आणि लाईनवरच्या बाया हसून पुन्हा लावायच्या.

कॅन्टीनमध्ये जगाचा एक नकाशा होता. ज्या देशात माल जाईल तिथं बाया टिकली लावायच्या. कपाळावरची काढून. आफ्रिका लाल, मरून, हिरव्या टिकल्यांनी भरून गेली होती. आमच्यातल्या काही जणींनी पुणं सोडून पुढचं काही पाहिलेलं नव्हतं, पण जेवताना कुणी बातम्यांत ऐकलेल्या देशाचं नाव काढलं की दुसरी म्हणायची, तिथं आपले काटे गेलेत. त्या बोलण्यात एक वेगळाच ताठा असायचा. माझ्याही असायचा.

मला त्या कंपनीत आणलं लोंढे सरांनी. ते तपासणी विभागाचे प्रमुख. मी निमोण्याच्या धनगराची मुलगी, साधी बीएस्सी, कारखान्यात कधी पाय न ठेवलेली. पुण्याच्या डिप्लोमावाल्यांना बाजूला ठेवून त्यांनी मला घेतलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातात पाच किलोचं लोखंडी वजन दिलं आणि रोज सकाळी कामाला बसण्याआधी ते दोन मिनिटं धरायला सांगितलं. यंत्र बिघडलं तर हातानं सांगितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी हे आबांना सांगितलं तेव्हा आबा खुश झाले. मेंढरं विकून शेती धरण्याआधी त्यांचं सगळं आयुष्य कोकरं उचलण्यात गेलेलं. नुसतं काखेत घेऊन ते वजन सांगायचे. तुझा साहेब शहाणा दिसतोय, म्हणाले.

सरांचं एक बोलणं मी वहीत लिहून ठेवलं होतं. नवीन मुलींना शिकवताना ते सांगायचे, "तिकडं एक नर्स असते आणि तिच्यासमोर शंभर आया रांगेत असतात. कुणाच्या पोराला उपचार द्यायचे आणि कुणाला घरी पाठवायचं, हे तिला आपला काटा सांगतो. तो खोटं बोलला, तर पोर घरी जातं आणि घरीच मरतं." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. मी त्यांच्यावर वडिलांइतका विश्वास ठेवला तो या आवाजामुळं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मोठी ऑर्डर आली. कुठंतरी मोठा दुष्काळ पडला होता आणि माल लवकर हवा होता. स्प्रिंगा नेहमीच्या ठिकाणाहून मिळेनात म्हणून नव्या माणसाकडून घेतल्या. पहिल्या तपासणीत सगळे काटे पास. सुया शून्यावर सरळ उभ्या, पाच किलोला पाच, दहाला दहा. पण मला एका सुईची चाल जरा सैल वाटली. मी तो काटा बाजूला घेतला आणि पाच किलो टांगलं, काढलं, टांगलं, काढलं. पन्नास वेळा. शून्य जागेवर होतं, पण पाच किलोला सुई पाच तीनशे दाखवत होती. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांचं तेच. वापरात स्प्रिंग ढिली पडत होती आणि वजन वाढवून सांगत होती. म्हणजे रोडावत चाललेलं मूल कागदावर भरत गेलं असतं.

मी सगळा लॉट नापास केला. सरांनी माझे आकडे पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "शाब्बास. हे मलाही दिसलं नसतं." प्रत्येक काट्यावर लाल स्टिकर लागला. काटे फोडून भंगारात जातील असं कागदावर लिहिलं गेलं आणि खाली मी सही केली. माझी एक सवय होती. स्टिकर निघतात, म्हणून नापास काट्याची मागची झाकणी उघडून आत बारीक मार्करनं मी 'वै' लिहायची. वैशालीतलं वै. सरांना हे माहीत नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

नेहमीच्या स्प्रिंगा आल्या, माल उशिरा पण चोख गेला. संस्थेकडून कौतुकाचा ईमेल आला आणि मॅनेजमेंटनं पेढे वाटले. मी माझे दोन पेढे कागदात बांधून पाटसजवळ राहणाऱ्या शोभाआक्काला नेऊन दिले. आक्का माझी थोरली बहीण. तिच्या गावात ती अंगणवाडी सेविका आहे. तिला ती सगळी हकिकत सांगताना मी किती फुलून गेले होते हे आठवलं की अजूनही मान खाली जाते.

पंधरा दिवसांनी सरांनी सांगितलं की कंपनी दौंड तालुक्यातल्या काही अंगणवाड्यांना काटे भेट देणार आहे. तू इथलीच लेक, पहिला काटा तुझ्या हातून जाऊ दे. मंडप, हार, एक पुढारी, माईकची शिट्टी. मी नवी साडी नेसले होते. सेविका एकेक करून वर आल्या आणि पहिला काटा मी माझ्याच बहिणीच्या हातात दिला. तबकडीवर नवा कोरा स्टिकर होता, दान देणाऱ्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत. फोटो निघाला. आक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडं बघून हसली. काटा मी उघडून बघितला नाही. स्टेजवर कोण उघडून बघतं?

मग हंगाम लागला. आक्काच्या अंगणवाडीच्या मागं, ओढ्याकाठी, ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्या. पाचटाच्या भिंती, वर निळा प्लॅस्टिकचा कागद, दारात चूल. एरवी आक्काकडं पंधरा मुलं. हंगामात साठ होतात. पहाटे आयाबाप फडात गेले की मुलं तिच्याकडं. कुणाच्या अंगात स्वेटर, कुणाच्या नुसता बापाचा शर्ट, सगळ्यांच्या हातात उसाची कांडकी. साठ मुलं, आणि नव्या काट्याच्या कौतुकानं आक्का दर आठवड्याला वजन करायची. एका मोठ्या वहीत प्रत्येकाचं पान होतं. हिरवा, पिवळा, लाल पट्टा छापलेलं. फोनवर ती मला नावं वाचून दाखवायची. अमका पिवळ्यातून हिरव्यात आला, तमकी अर्धा किलो भरली. यंदाची पोरं चांगलं बाळसं धरल्यात बघ, म्हणायची. मलाही बरं वाटायचं.

संक्रांतीला मी तिच्याकडं गेले. अंगणवाडीच्या पायरीवर बीडकडची कविता नावाची बाई बसली होती, तोडीला आलेल्या टोळीतली. विशी-बाविशीची असेल. तिच्या मांडीवर वर्षाची मुलगी, आरोही. मुलगी रडत नव्हती, हसत नव्हती. नुसती बघत होती. मी तिळगूळ द्यायला वाकले आणि सहज तिला उचललं.

तो क्षण मला नीट सांगता येत नाही. उचलायला जेवढा जोर लावला तेवढा लागलाच नाही. चार वर्षं रोज सकाळी पाच किलो धरलेले माझे हात. त्यांना कळलं की हे सहाच्या जरासं वर आहे. मी आक्काला विचारलं, हिचं वजन किती? आक्कानं वही उघडली. आली तेव्हा साडेसहा, पिवळ्यात. मग सहा सातशे, सहा नऊशे, आणि कालच सात. हिरव्यात आली की, आक्का म्हणाली.

मी आरोहीला काट्याला टांगलं. सात. मग आक्काच्या घरून न फोडलेली पाच किलो आट्याची पिशवी आणली आणि टांगली. सुई पाच सहाशेवर जाऊन थांबली.

मी काटा खाली उतरवला. स्क्रूड्रायव्हर नव्हता, सुरीच्या टोकानं मागची झाकणी उघडली. आत, कोपऱ्यात, माझ्या अक्षरात, बारीक 'वै'.

आम्ही कविताला आणि मुलीला रिक्षात घालून दौंडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या काट्यावर सहा किलो दोनशे भरली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं वहीतला चढता आकडा पाहिला, मुलीकडं पाहिलं आणि विचारलं, हे कुणी लिहिलंय? आक्का पुढं होऊन म्हणाली, मी. मुलीला लगेच दाखल करून घेतलं. आणखी दोन आठवडे गेले असते तर अवघड होतं, एवढंच डॉक्टर बोलल्या.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. समोर कुणीतरी उसाचा रस पीत होतं. आक्का बोलली. माझ्याकडं न बघता.

"कविता मला चार बारी म्हणली, ताई, पोरगी हलकी लागतीया. मी काय म्हणले म्हाईतीय? म्हणले, काटा माझ्या बहिणीनं दिलाय. तो खोटं बोलत न्हाई."

मी तिला सांगितलं की मला माहीत नव्हतं. तिनं ऐकलं आणि मान हलवली. पण तिच्या चेहऱ्यावर जे एक दार मिटलं ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. तो काटा मी टेबलावर ठेवला, झाकणी उघडी करून. सरांनी आतलं ते 'वै' बघितलं. अक्षर कुणाचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मला वाटत होतं ते हादरतील, नाही म्हणतील, कुणावर तरी ओरडतील. मी त्यासाठी तयार होते. ते अगदी शांतपणे समजावायला लागले. एवढा माल फोडायचं जिवावर आलं होतं. गावच्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा दहा-पंधरा मुलांची वजनं होतात, तेवढ्यानं स्प्रिंग वर्षानुवर्षं ढिली पडली नसती. काहींच्याकडं तर धड काटाच नव्हता. मी विचारलं, मग हेच काटे आपण तिकडं का पाठवले नाहीत?

"तिकडं पाठवायचं तर त्यांची माणसं येऊन तपासतात, वैशाली. इथं कोण तपासतंय?"

हे त्यांनी लाज न वाटता, धंद्यातली एक गोष्ट आपल्या माणसाला सांगावी तसं सांगितलं. तोच खाली आलेला आवाज. रांगेतल्या शंभर आयांबद्दल सांगताना यायचा तोच. मला त्या आवाजानंच जास्त लागलं. म्हणजे तेव्हाही तो खरा होता आणि आत्ताही खराच होता; फक्त रांगेतल्या त्या आया दूर देशातल्या असायला हव्या होत्या. ओढ्याकाठच्या कोपीतली कविता त्या रांगेत कधी उभीच नव्हती.

उठताना ते म्हणाले, फार ताणू नकोस, फोटोत तूच आहेस. धमकी नव्हती ती. काळजीनंच म्हणाले असतील. पण त्या दिवशी स्टेजवर मला का उभं केलं होतं हे मला तेव्हा कळलं. चहा तसाच ठेवून मी बाहेर आले.

पुढचे आठ दिवस मी रजा काढली. तपासणीच्या कपाटातलं पाच किलोचं वजन पिशवीत घातलं, न विचारता, आणि नवऱ्याची स्कूटर घेऊन गावोगाव फिरले. आक्का बरोबर आली नाही. तिनं फक्त सेविकांची नावं लिहून दिली. प्रत्येक अंगणवाडीत मी तेच सांगायची, काटा खोटा आहे, मीच दिला होता, परत द्या. कुणी चहा दिला, कुणी तोंडावर बोललं. बहुतेक काटे चुकत होते, कुठं शंभर ग्रॅमनं, कुठं तीनशेनं. कासुर्डीच्या सेविकेचा मात्र अगदी बरोबर निघाला. खराब होईल म्हणून तिनं तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला होता आणि जुन्यावरच काम चालवलं होतं. ती तो परत द्यायला तयार होईना. चांगला चाललाय की, म्हणाली. मी तिथं पायरीवर बसून तिच्यासमोर पन्नास वेळा वजन टांगलं, काढलं. पन्नासाव्या वेळी सुई बघून तिनं स्वतःच तो माझ्या पिशवीत घातला.

जमवलेले काटे आणि चार पानांचं पत्र मी तालुक्याच्या कार्यालयात दिलं. तिथल्या अधिकारी बाईंनी नीट ऐकून घेतलं, आठवडाभरात साऱ्या मुलांची पुन्हा वजनं करायला लावली. त्यात आणखी सात मुलं लाल पट्ट्यात निघाली. सगळी वेळेत दवाखान्यात पोचली. कंपनीनं नवे काटे पाठवले आणि पत्रात लिहिलं की वाहतुकीत काही नग सदोष झाले होते. कुणाचंही नाव कुठं आलं नाही. सर आहेत तिथंच आहेत. मी राजीनामा दिला तेव्हा त्यांनी मला शिफारसपत्र देऊ केलं होतं. मी घेतलं नाही. शेवटच्या दिवशी लोखंडी वजन जागेवर ठेवलं आणि कॅन्टीनमधून जाताना त्या नकाशाकडं पाहिलं. आमचे दोन तालुके मिळून त्याच्यावर एका टिकलीएवढे पण नव्हते.

आरोही वाचली. तीन आठवड्यांनी कविता तिला घेऊन दवाखान्यातून निघाली तेव्हा मुलगी आईच्या कानातलं ओढत होती. कवितानं माझे पाय धरले. ताई, तुमच्यामुळं लेकरू वाचलं, म्हणाली. आक्का शेजारी उभी होती. मी कविताला उठवलं, पण खरं काय ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही. पुढच्या हंगामात ती टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. मला फसवलं गेलं, हे मी कितीदा स्वतःला सांगितलंय. ते खरंच आहे. पण आक्काला फसवलं ते माझ्या हातांनी, आणि कविताला आक्काच्या तोंडानं. सर त्या दोघींना कधी भेटलेसुद्धा नाहीत.

मी आता शिरूरला दूध डेअरीत फॅट तपासते. आक्का आणि मी बोलतो; सणाला जातो-येतो, आबांच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. अंगणवाडीचा विषय चार हंगाम निघाला नव्हता. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. कोप्या पडल्यात, पन्नासेक पोरं हायत, आन् मदतनीस आजारी पडलीय. सोमवारी वजनं हायत. येतीस का? मी हो म्हणाले. मग ती म्हणाली, "तू नुसती पोरं धर. लिहायचं मी बघती."

म्हणून परवा त्या एसटीत होते मी. अंगणवाडीत पोचले तेव्हा रांग लागली होती. सरकारकडून आलेला नवा काटा, हिरवे आकडे उजळणारा. आक्काला आता जवळचं नीट दिसत नाही. चष्मा लावून ती वही घेऊन बसली होती. मी एकेक मूल उचलून ठेवत होते, आकडा आक्का स्वतः बघून लिहीत होती. उबदार, चिकट, उसाच्या रसाचा वास येणारी मुलं. सकाळ चांगली चालली होती. एक गुबगुबीत मुलगा आला, पायात एकच मोजा. मी त्याला ठेवलं, तो क्षणभर गप्प बसला, आणि सवयीनं मी मोठ्यानं आकडा वाचला, "नऊ चारशे."

आक्काचं पेन वहीवर टेकलं नाही. ती उठली, मुलाला स्वतः उचललं, पुन्हा ठेवलं, चष्मा काढून पदरानं पुसला, वाकून आकडा बघितला आणि जागेवर जाऊन लिहिला.

नऊ चारशेच होते.